केरीसाहेबांचे ओझे

विल्यम केरी हे नाव आमच्या वाचकांस नवे नाही. मराठीतील नवा करार त्यांनीच 1811 साली बंगाल्यातील सेरामपूर येथे छापविला. (हे गाव हुगळी नदीच्या काठी आहे, आपल्याकडील श्रीरामपूर ते नव्हे.) ते मोठे भाषापंडित होते हे सर्व जण सांगतात, परंतु त्यांच्या मनावर केवढे ओझे होते व ते त्यांनी कसे वाहिले, हे क्वचितच सांगण्यात येते. आज आम्ही तेवढेच सांगतो.

केरी 1761 साली इंग्लंडातील एका खेड्यात जन्मले. तारुण्यात ते जोडे शिवून पोट भरीत. 1793 साली ते सहकुटुंब बंगाल्यात आले. पत्नी डॉरोथीबाई ह्यांची येण्याची इच्छा नव्हती. आग्रहापुढे त्या नमल्या. पुढल्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा पीटर हगवणीने वारला, आणि त्यानंतर बाईंस वेड लागले. पती आपल्याशी एकनिष्ठ नाही असा संशय त्यांच्या मनात घर करून बसला. त्या चारचौघांत त्यांच्यावर नाही नाही ते आरोप करीत. 1807 साली बाईंचा अंत होईपर्यंत, म्हणजे सुमारे बारा वर्षे, हे चालले होते. ह्या सोसण्याबद्दल केरींची स्तुती पुष्कळ होते. आम्हास मात्र त्या माउलीचीही कीव येते. परमुलखात लेकरू पुरलेल्या आईचा तो आजार होता, दुष्टपणा नव्हे. आणि केरीही त्यास आजारच समजत. आपण दुःखी नाही असे सोंग त्यांनी आणले नाही. रोजनिशीत ते आपले नैराश्य देवापुढे उघडे करीत, व इंग्लंडातील बहिणींस पत्रे लिहून घरची अवस्था कळवीत.

ता. 11 मार्च 1812 रोजी सायंकाळी सेरामपूरच्या छापखान्यास आग लागली. केरी त्या वेळी कलकत्त्यास होते. तेथील फोर्ट विल्यम कॉलेजात ते शिकवीत असत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे सोबती मार्शमनसाहेब ही वार्ता घेऊन त्यांच्याकडे गेले. बाराशे रिमांच्या सुमारास कागद, अनेक देशी भाषांचे टाइप, व्याकरणांची हस्तलिखिते, आणि पौर्वात्य भाषांचा जो एक मोठा कोश केरी कित्येक वर्षे रचीत होते तो, सर्व जळून गेले होते. केरी परत आले आणि धुमसणाऱ्या राखेतून हिंडले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहिले.

आता, प्रिय वाचकहो, आपल्या गावचा अनुभव आठवा. रात्री कडब्याची गंजी पेटली की उजाडण्यापूर्वी कोणा तरी शेजाऱ्याचे नाव आपल्या ओठांवर येते. पुरावा मागाहून शोधू, राग आधी! सेरामपूरची आग कशी लागली हे कधीच निश्चित ठरले नाही. येत्या रविवारी केरी उपदेशास उभे राहिले, तेव्हा त्यांनी शेहेचाळिसावे स्तोत्र घेतले. आपल्याविषयी हवे ते करण्याचा देवास अधिकार आहे, आणि त्यापुढे शांत राहणे हे आपले कर्तव्य आहे, ह्या दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. हा उपदेश त्यांनी प्रथम स्वतःसच केला असावा असे आम्हास वाटते.

तथापि शांत राहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे, असा अर्थ त्यांनी घेतला नाही. राख उकरता टाइप पाडण्याचे पोलादी ठसे शाबूत सापडले. पाच छापयंत्रेही बचावली होती. वितळलेल्या धातूचा पुन्हा रस करून लगेच ओतकाम सुरू झाले व थोड्याच आठवड्यांत छपाई चालू झाली. इंग्लंडातील मंडळ्यांनी नुकसान भरून काढण्याइतका पैसा जमविला. तो मोठा कोश मात्र पुन्हा कधीच झाला नाही.

केरींच्या विसाव्याचे ठिकाण म्हणजे त्यांची बाग. पहाटे उठून ते तेथे फिरत, प्रार्थना करीत, झाडांची निगा राखीत, आणि मग दिवसाच्या ओझ्यास खांदा देत. आमच्या उपदेशक बंधूंपैकी कित्येकांस अशी फुरसत म्हणजे आळस वाटतो. परंतु केरींपेक्षा अधिक काम केलेला मनुष्य आम्हास तरी ठाऊक नाही. 1823 साली मोठा पूर आला आणि त्या बागेचा नाश झाला. केरी तेव्हा आजारी होते, वय बासष्ट. बरे वाटू लागताच त्यांनी पुन्हा झाडे लावण्यास आरंभ केला.