फुकटचा रंग

टाउन प्लॅनिंगमध्ये आपल्याला नवीन गाव कसं वसवायचं ते शिकवतात. मेलेलं गाव कसं उठवायचं, हे मात्र मला वॉल्टर पेपकी या माणसाच्या आयुष्यात सापडलं. गंमत म्हणजे तो ना इंजिनिअर होता, ना आर्किटेक्ट. तो पुठ्ठ्याची खोकी बनवायचा!

पेपकीचा जन्म १८९६ चा, शिकागोचा. वडील जर्मनीहून आलेले, लाकडाच्या धंद्यातले. येल विद्यापीठातून पदवी घेऊन तो त्याच धंद्यात शिरला आणि १९२६ साली त्याने कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी उभी केली. खोकी विकायला कला कशाला लागते? पेपकीच्या मते लागते. कंपनीच्या जाहिराती तो नावाजलेल्या चित्रकारांकडून करून घ्यायचा.

आता त्या गावाबद्दल. कोलोराडो राज्यातलं ॲस्पेन, रॉकी पर्वतात सुमारे २,४०० मीटर उंचीवर. १८७९ च्या सुमारास चांदीच्या खाणींमुळे वसलं आणि बघता बघता दहा हजारांच्या वर वस्ती झाली. १८८९ मध्ये तिथे झोकात हॉटेल जेरोम आणि व्हीलर ऑपेरा हाऊस उभं राहिलं. पण १८९३ मध्ये अमेरिकन सरकारने चांदीची मोठी खरेदी थांबवली, भाव कोसळला आणि खाणी बंद पडल्या. १९३० मध्ये गावात जेमतेम सातशे माणसं उरली होती. जुन्या इमारती पाडून नव्या बांधायला कुणाकडे पैसाच नव्हता, म्हणून त्या टिकल्या. म्हणजे वारसा जपला तो गरिबीने!

पेपकीची बायको एलिझाबेथ हिने हे गाव १९३९ मध्ये पाहिलं होतं. तिच्यामुळे तो १९४५ मध्ये तिथे गेला आणि गावाच्या प्रेमातच पडला. त्याने घरं, जमिनी घेतल्या, हॉटेल आणि ऑपेरा हाऊस भाड्याने घेतलं. जळून पडलेलं ऑपेरा हाऊस दुरुस्त करायला बाउहाउसचा डिझाइनर हर्बर्ट बायर याला तिथे आणलं. १९४७ च्या सुरुवातीला डोंगरावर स्कीईंगची लिफ्ट सुरू झाली. १९४९ मध्ये गटेच्या द्विशताब्दीसाठी थेट अल्बर्ट श्वाइत्झर या खाणींच्या गावात आले. पुढे त्यातूनच ॲस्पेन इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पण मला सगळ्यात आवडलेला किस्सा रंगाचा आहे. पेपकीने गावकऱ्यांना सांगितलं, घराला रंग फुकट देतो, फक्त शेड बायर ठरवणार. बऱ्याच जणांनी चक्क नाही म्हटलं! वाईट दिवसांत गाव न सोडता राहिलेली माणसं ती. शिकागोच्या शेठने आमच्या भिंतीचा रंग का ठरवावा? मला तरी त्यांचं पटतं.

पेपकी १९६० मध्ये वारला. १९७६ मध्ये गावाच्या मध्यातल्या काही रस्त्यांवरून मोटारी हद्दपार झाल्या आणि तिथे विटांचे पादचारी रस्ते झाले. हे जमलं, कारण गावाचा सांगाडाच मोटारींच्या आधीचा. सगळं चालण्याच्या अंतरात! चालणाऱ्यांचं गाव नव्याने बनवावं लागलं नाही, ते आधीपासून होतंच.

मात्र आज ॲस्पेन अमेरिकेतल्या सगळ्यात महागड्या गावांपैकी एक आहे. हॉटेलात राबणाऱ्याला, शाळेत शिकवणाऱ्याला बाजारभावाने तिथे घर परवडतच नाही. त्यांच्यासाठी हजारो घरं वेगळी राखून ठेवावी लागली आहेत. इमारत वाचवणं सोपं, त्यात राहणारा माणूस वाचवणं कठीण. पेपकीने पहिलं काम झकास केलं. दुसरं तसंच राहिलंय, आणि मित्रांनो, ते आपल्या सिलॅबसमध्येही नाही.