बाबासाहेबांनी पक्ष कशाला काढला?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढला. आपले मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात. जिल्ह्यात खोतीचा जाच. कुळाने राबायचे, खोताने न्यायचे. १९३७ च्या निवडणुकीत पक्षाची माणसे निवडून आली आणि सप्टेंबरात बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध बिल मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली कुळे मोर्चाने तिथे धडकली. बिल तेव्हा पास झाले नाही; खोती गेली १९४९ च्या कायद्याने. १९३८ सालीच संपावर बंधने आणणाऱ्या बिलाविरुद्ध पक्षाने गिरणी कामगारांचा संप घडवला. आम्ही गिरणीवाले ते कसे विसरू? गाऱ्हाणे घरात राहिले तर नुसते रडणे. पक्षाने सभागृहात नेले तर त्याचा कायदा होतो. बाबासाहेबांच्या पश्चात १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला, पण त्याचे गटच गट पडले. बंधूभगिनींनो, पुढारी मोजू नका, आपले गाऱ्हाणे कोण सभागृहात नेतो ते बघून मत द्या. जय भीम!