फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन : गावाचा निधी, गावाची पत

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ‘सोसायटी’ म्हटले की पीककर्ज देणारी गावची सहकारी संस्था डोळ्यांसमोर येते. गावाने स्वतःचा निधी उभारावा, त्याचा कारभार स्वतः पाहावा आणि गरजूला त्यातून कर्ज द्यावे, या कल्पनेला व्यवहार्य रूप देणाऱ्यांमध्ये जर्मनीतील फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन (१८१८–१८८८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. ‘पत’ या मराठी शब्दात विश्वास, प्रतिष्ठा आणि कर्ज मिळवण्याची क्षमता हे तिन्ही अर्थ एकत्र नांदतात. रायफायझेन यांचे जीवनकार्य समजून घेताना हा शब्द आपण सतत मनाशी बाळगावा.

जडणघडण

रायफायझेन यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम या गावी झाला. नऊ भावंडांतील ते सातवे अपत्य होते. घरची स्थिती बेताची असल्यामुळे त्यांना उच्च शिक्षण घेता आले नाही. गावच्या धर्मोपदेशकाने त्यांना शिकवले. वयाच्या सतराव्या वर्षी ते प्रशियाच्या सैन्यात दाखल झाले. परंतु नेत्रविकारामुळे १८४३ मध्ये त्यांना सैन्य सोडावे लागले. त्यानंतर ते मुलकी सेवेत शिरले आणि १८४५ मध्ये वेस्टरवाल्ड या डोंगराळ प्रदेशातील वायरबुश येथे अनेक खेड्यांचा कारभार पाहणारे अधिकारी झाले.

दानाचा मार्ग

१८४६–४७ चा हिवाळा उपासमारीचा ठरला. शासनाने पाठवलेले धान्य रोखीनेच विकावे, असा आदेश होता. ज्यांना भूक होती त्यांच्यापाशी रोकड नव्हती. रायफायझेन यांनी आदेश बाजूला ठेवून धान्य उधारीवर दिले. गावातील सधन मंडळींकडून निधी जमवून त्यांनी सार्वजनिक भट्टी बांधली व गरिबांना स्वस्त दरात पाव मिळवून दिला.

१८४८ मध्ये ते फ्लामर्सफेल्ड येथे आले. तेथील शेतकऱ्याला गुरांचे व्यापारी व सावकार नाडत होते. गाय उधारीवर घ्यावी, हप्ता चुकला की गायही जावी आणि दिलेले पैसेही, असा तो फेरा होता. १८४९ मध्ये सुमारे साठ सधन गावकऱ्यांनी एकत्रित हमी देऊन संस्था स्थापन केली. ती गुरे विकत घेऊन शेतकऱ्यांना देई आणि किंमत हप्त्यांनी वसूल करी. १८५२ मध्ये रायफायझेन यांची बदली ऱ्हाइनकाठच्या हेडेसडॉर्फ येथे झाली. तेथे १८५४ मध्ये त्यांनी जी संस्था काढली, तिने कर्जवाटपासोबत निराधार मुलांचा सांभाळ आणि सुटून आलेल्या कैद्यांना काम मिळवून देणे ही कामेही अंगावर घेतली.

दानाकडून स्वावलंबनाकडे

या सर्व संस्थांमध्ये एक उणीव समान होती. हमी देणारे श्रीमंत होते आणि कर्ज घेणारे गरीब. जोखीम एकाची व लाभ दुसऱ्याचा, अशी विभागणी असल्यामुळे काही वर्षांतच हमीदारांचा उत्साह ओसरला. शहरी कारागिरांच्या पतसंस्था उभारणारे हेर्मान शुल्झे-डेलिच हे स्वावलंबनाचा आग्रह धरत होते. रायफायझेन श्रद्धाळू ख्रिस्ती होते. सधनांनी दुर्बलांना आधार देणे हे त्यांना कर्तव्य वाटे. त्यामुळे हा आग्रह त्यांना सहज पटणारा नव्हता. अनुभवानेच त्यांना तो स्वीकारायला लावला. १८६४ मध्ये त्यांनी हेडेसडॉर्फच्या संस्थेची पुनर्रचना केली : कर्ज हवे असेल त्याने सभासद व्हावे आणि संस्थेच्या देण्याची जबाबदारीही उचलावी. कर्जदार आता याचक उरला नाही. तो निधीचा मालक झाला.

या पतपेढ्यांची मुख्य तत्त्वे पुढीलप्रमाणे होती :

१. कार्यक्षेत्र लहान, म्हणजे सभासद परस्परांना ओळखतील एवढेच.
२. संस्थेच्या कर्जाबाबत सर्व सभासदांची सामूहिक व अमर्यादित जबाबदारी.
३. कर्ज उत्पादक कामासाठी, जामीन घेऊन. परतफेड शेतीच्या उत्पन्नाला सोयीच्या हप्त्यांनी.
४. संचालकांचे काम विनावेतन.
५. नफ्याची वाटणी न करता त्यातून अविभाज्य राखीव निधीची उभारणी.

ज्याच्यापाशी तारण नाही, त्याची पत गावाच्या परिचयातून सिद्ध होई. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, हे शेजाऱ्यांना ठाऊक असे. कर्ज बुडाले तर झळ त्यांनाही लागणार असल्याने ते त्याच्या विनियोगावर लक्ष ठेवत.

उत्तरायुष्य

१८६३ मध्ये पत्नीचे निधन झाले. दृष्टी अधू होत गेल्याने १८६५ मध्ये रायफायझेन यांना सेवानिवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन अपुरे असल्यामुळे त्यांनी उदरनिर्वाहासाठी द्राक्षमद्याचा व्यापार केला. थोरली मुलगी अमाली त्यांची लेखनिक बनली. १८६६ मध्ये त्यांचा पतपेढ्यांविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. गावोगावच्या पेढ्यांना जोडणारी मध्यवर्ती संस्था १८७६ मध्ये नॉयवीड येथे उभी राहिली. ११ मार्च १८८८ रोजी त्यांचे निधन झाले.

भारताशी संबंध

१८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव करून कर्जरोखे जाळले. ग्रामीण कर्जाचा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही. मद्रास सरकारच्या वतीने फ्रेडरिक निकल्सन यांनी युरोपातील पतसंस्थांचा अभ्यास करून १८९५ व १८९७ मध्ये अहवाल सादर केले आणि रायफायझेन यांच्या पद्धतीकडे लक्ष वेधले. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्यादित जबाबदारीचे तत्त्व स्वीकारले गेले. मात्र हेडेसडॉर्फमध्ये संस्था आधी आली व कायदा नंतर. भारतात कायदा आधी आला. १९५१–५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी केवळ सुमारे ३ टक्के कर्ज सहकारी संस्थांकडून मिळत असल्याचे आढळले. चौकट आणता येते. परस्परविश्वास मात्र गावातच रुजवावा लागतो, हा बोध यातून घेता येतो.

सारांश

दया, हमी आणि शेवटी भागीदारी अशा तीन टप्प्यांतून रायफायझेन यांचा विचार विकसित झाला. निधी किती मोठा यापेक्षा तो कोणाचा, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. रायफायझेन यांनी दानाधिष्ठित संस्थांची पुनर्रचना का केली?
२. ‘पत’ या शब्दाच्या विविध अर्थच्छटांच्या आधारे ग्रामनिधीचे स्वरूप स्पष्ट करा.
३. आपल्या गावातील किंवा परिसरातील एखाद्या पतसंस्थेची वरील पाच तत्त्वांशी तुलना करा.