गणिताने ग्रह शोधणारे केतकर मास्तर

आमच्या घरी खुंटीला पंचांग असतं. ग्रह कुठं असणार हे आधीच कसं कळतं, असं मी गुरुजींना विचारलं. त्यांनी व्यंकटेश बापूजी केतकर यांची माहिती सांगितली. ती मी लिहीत आहे.

केतकरांचा जन्म १८५४ साली नरगुंद येथे झाला. ते शाळेत मास्तर होते. जुन्या पंचांगातले ग्रह आणि आकाशातले ग्रह जुळत नव्हते. केतकरांनी नवीन गणित करून ते जुळवले.

१९११ साली त्यांनी नेपच्यूनच्या पलीकडे ग्रह असावेत असे लिहिले. एकाचं नाव ब्रह्मा ठेवलं. त्याला सूर्याभोवती फिरायला २४२ वर्षे लागतील असं गणित मांडलं.

१९३० साली अमेरिकेत दुर्बिणीतून प्लुटो सापडला. त्याला २४८ वर्षे लागतात! प्लुटो हे नाव इंग्लंडच्या ११ वर्षांच्या मुलीने सुचवले. त्याच वर्षी केतकर वारले. २००६ साली प्लुटोला लघुग्रहांच्या यादीत १३४३४० हा नंबर मिळाला.

ब्रह्मा हे नाव राहिलं नाही, म्हणून मला लई वाईट वाटलं. गुरुजी म्हणाले, की यात थोडा योगायोगही आहे, पण मास्तरांनी कागदावर केवढं लांबचं गणित केलं ते बघ. तेव्हापासून मी पाढे म्हणायचा कंटाळा करत नाही.