समोर साहेबांचा संघ : बाळू पालवणकर यांची जीवनकथा



मोठा सामना जवळ आला की काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्या अंबडमध्ये तर चहाच्या टपरीपासून कंपनीच्या गेटपर्यंत एकच विषय असतो. कोण खेळणार, कोण बाहेर बसणार, आपली गोलंदाजी टिकेल का? समोरचा संघ तगडा असेल, तर चर्चा आणखी रंगते. हरलो तरी चालेल पण लढा, असं तोंडाने म्हणायचं आणि मनात मात्र जिंकायचीच आस धरायची. खरं ना?

आज आपण अशाच एका सामन्याची आणि त्यातल्या एका खेळाडूची ओळख करून घेणार आहोत. सामना झाला फेब्रुवारी १९०६ मध्ये, मुंबईत. खेळाडूचं नाव बाळू पालवणकर. क्रिकेटच्या जुन्या नोंदींत ते पी. बाळू या नावाने सापडतात. त्यांची गोष्ट वाचताना एक प्रश्न मनात ठेवा. जो माणूस आपल्याला जिंकून द्यावा असं हजारो लोकांना वाटतं, त्याला त्या लोकांनी जवळ बसवायला नको का?

बालपण आणि पहिली नोकरी

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणं मूळचं कोकणातलं, रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावचं, म्हणून आडनाव पालवणकर. जातीने ते चर्मकार. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानलं जाई. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब पुण्याला आलं. बाळू आणि त्यांचे धाकटे भाऊ शिवराम, विठ्ठल आणि गणपत पुण्यात क्रिकेट शिकले. शिकवायला कोणी गुरुजी नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेलं सामान घ्यायचं आणि बघून बघून खेळायचं, एवढंच.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशी मंडळींच्या क्रिकेट क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, लोळण फिरवायची. पगार महिन्याला ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते युरोपियन लोकांच्या पूना क्लबात लागले. तिथे पगार ४ रुपये. काम तेच, शिवाय जाळी लावणं आणि खेळपट्टी आखणं. पण इथे एक नवीन गोष्ट घडली. सरावासाठी साहेब लोकांना चेंडू टाकायला कोणीतरी हवं होतं. बाळूंच्या हाती चेंडू आला.

त्या क्लबात ग्रेग नावाचे एक नावाजलेले फलंदाज होते. बाळूने मला बाद केलं की दर वेळी त्याला आठ आणे द्यायचे, असं त्यांनी ठरवलं होतं म्हणतात. महिना ४ रुपये पगार असलेल्या मुलासाठी आठ आणे म्हणजे काय, याचा हिशेब तुम्हीच करून बघा. महिन्यात आठ वेळा बाद केलं, की एक पगार वरकमाई!

मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. बाळूंनी तिथे तासन् तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट कोणी दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. घाम गाळून चेंडू टाकणं हे नोकराचं काम.

बाळूंची गोलंदाजी कशी होती?

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज होते. डावखुऱ्याचा असा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजाच्या समोर टप्पा खातो आणि त्याच्यापासून बाहेर वळतो. फलंदाज पुढे येतो, चेंडू बॅटची कड घेतो किंवा बॅटला हुलकावणी देऊन यष्टिरक्षकाकडे जातो. बाळूंना चेंडू दोन्ही बाजूंना वळवता येई. वेग बदलता येई, उंची कमी-जास्त करता येई. आणि टप्पा मात्र जिथे हवा तिथेच. रोज जाळीत शेकडो चेंडू टाकल्याशिवाय असा टप्पा साधत नाही. साहेबांना सराव देता देता खरा सराव बाळूंचाच झाला होता!

मैदानात एक न्याय, मैदानाबाहेर दुसरा

पुण्यात हिंदूंचाही एक क्लब होता. त्यांना युरोपियन क्लबाला हरवायचं होतं. बाळूंची कीर्ती त्यांच्या कानावर आली आणि वाद सुरू झाला. अस्पृश्य मुलाला संघात घ्यायचं का? शेवटी जिंकायची इच्छा जास्त जोरदार ठरली आणि बाळू संघात आले.

मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. बाळूंनी टाकलेला चेंडू उच्चवर्णीय खेळाडू झेलत, परत बाळूंच्या हातात देत. पण चहाची वेळ झाली की बाकीचे आत बसत आणि बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. जेवणाचं ताटही वेगळं, जागाही वेगळी. म्हणजे चेंडूला विटाळ नाही आणि कपाला मात्र आहे! हा कुठला न्याय, असा प्रश्न तुम्हाला पडला ना? तो पडायलाच हवा.

साताऱ्याच्या गोऱ्या संघाविरुद्धचा सामना तर खूप गाजला. बाळूंची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी दिवसचे दिवस दाबून कडक केली होती असं सांगतात. तरी बाळूंनी ७ बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. त्यानंतर त्यांचा जाहीर सत्कार झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्यासारख्या सुधारकाने त्यांचं कौतुक केलं.

मुंबई आणि मोठ्या सामन्याची वाट

१८९६ मध्ये प्लेगची साथ आली. त्या काळात बाळू मुंबईला आले. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदू जिमखान्याकडून ते खेळू लागले. तिथेही आधी काही सभासदांनी नाकं मुरडली, पण समजदार मंडळींनी बाळूंची बाजू घेतली. पोटापाण्यासाठी त्यांना बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली.

त्या वेळी मुंबईत क्रिकेटची मोठी लढत म्हणजे युरोपियन विरुद्ध पारशी. पारशी लोक भारतात सर्वांत आधी क्रिकेट शिकले. १८९० साली त्यांनी इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघालाही हरवलं होतं. हिंदू संघाला मात्र साहेबांसमोर उभं राहायची संधी मिळत नव्हती. अखेर १९०६ मध्ये ती मिळाली.

आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झालेली. स्वदेशीची चळवळ पेटलेली. त्याच वर्षी जपानसारख्या आशियाई देशाने रशियाला युद्धात हरवलेलं. गोरा माणूस हरू शकतो, ही गोष्ट लोकांच्या मनात नुकतीच रुजू लागली होती. अशा वेळी मुंबईत हिंदूंचा संघ युरोपियन संघाविरुद्ध उतरणार! सामन्याला केवढं वजन आलं असेल, विचार करा. कचेरीतला कारकून, कॉलेजातला विद्यार्थी, बाजारातला दुकानदार, सगळ्यांसाठी हा नुसता खेळ राहिला नव्हता.

समोरचा संघ कसला होता? लहानपणापासून शाळा-कॉलेजात क्रिकेट खेळलेले अधिकारी आणि व्यापारी. उत्तम सामान, स्वतःची मैदानं. त्यांच्या बॉम्बे जिमखान्यात भारतीय माणसाला सभासद होता येत नव्हतं. कागदावर पाहिलं तर साहेबांचं पारडं जड. हिंदू संघाची सगळी भिस्त होती ती गोलंदाजीवर, आणि गोलंदाजीचा कणा होते बाळू. भाऊ शिवरामही याच संघात होते. म्हणजे ज्यांना शहरातल्या कित्येक घरांच्या ओट्यावर कोणी चढू दिलं नसतं, त्यांच्यावरच शहराची आशा टांगलेली होती.

निकाल

हिंदू संघाने पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियनांना १९१ धावांत रोखलं. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० धावा झाल्या. म्हणजे साहेबांना जिंकायला २१२ धावा हव्या होत्या. गणित अवघड होतं, पण अशक्य नव्हतं. बाळू आणि त्यांच्या साथीदारांनी युरोपियन संघ १०२ धावांत गुंडाळला. हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला!

या विजयाची चर्चा मैदानापुरती राहिली नाही. समाजसुधारकांनी त्यावर लिहिलं. वेगवेगळ्या जातींचे खेळाडू एकत्र आले म्हणून संघ जिंकला, मग हेच घरात आणि देवळात का होऊ नये, असा विचार पुढे आला. पुढच्याच वर्षी, १९०७ मध्ये, पारशी संघ धरून तिरंगी सामने सुरू झाले आणि १९१२ मध्ये मुस्लिम संघ येऊन ते चौरंगी झाले. १९०७ मध्येही हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यामुळे पहिला विजय नशिबाने मिळाला असं म्हणायला जागा उरली नाही.

इंग्लंडचा दौरा

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांचे संघ आणि तिथले नामांकित कौंटी संघ समोर होते. भारतीय संघ बहुतेक सामने हरला. पण ३५ वर्षांच्या बाळूंनी सगळ्या सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात ८ बळी घेतले. हरणाऱ्या संघात राहून अशी कामगिरी करणं किती अवघड असतं, हे खेळणाऱ्यांना कळेल. फलक बघून खांदे पाडायचे नाहीत, आपलं षटक नीट टाकायचं.

मुंबईला परतल्यावर त्यांचा सत्कार झाला. त्या काळी शिकत असलेल्या तरुण भीमराव आंबेडकरांनाही बाळूंचा अभिमान वाटे.

कर्णधारपद का नाही मिळालं?

एवढं सगळं झाल्यावर बाळू हिंदू संघाचे कर्णधार झाले असतील, असं तुम्हाला वाटेल. नाही झाले. वर्षामागून वर्षं गेली. संघातले सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू तेच होते, पण दर वेळी मान दुसऱ्याला गेला. कारण एकच, जात. कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी तर हा मान खरं म्हणजे बाळूंचा होता, अशा अर्थाचं जाहीरपणे बोलून दाखवलं. मोठ्या मनाचा माणूस!

१९२० मध्ये बाळूंना संघातून वगळलं गेलं आणि विठ्ठल यांनाही डावलून कर्णधार दुसरा नेमला. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी खेळायला नकार दिला. हा अपमान सहन करणार नाही, हे त्यांनी लोकांसमोर मांडलं. लोकमत त्यांच्या बाजूने झुकलं. निवड समितीला नमतं घ्यावं लागलं आणि अंतिम सामन्यात बाळू उपकर्णधार झाले. कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ का होईना, बाळूंनी संघाचं नेतृत्व केलं. तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. थोरल्याने नांगरलेल्या शेतात धाकट्याच्या हाती पीक आलं.

खेळानंतर

बाळूंनी प्रथम श्रेणीचे ३३ सामने खेळले आणि १७९ बळी घेतले. सरासरी १५.२१. म्हणजे दर १५ धावांमागे एक बळी. आजही ही कामगिरी फार मोठी मानली जाते.

पुढे ते राजकारणात आले. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ज्या आंबेडकरांना त्यांचा अभिमान होता, त्यांच्याशी बाळूंचे मतभेद झाले. १९३२ च्या पुणे कराराच्या वेळी बाळू गांधीजींच्या विचाराच्या बाजूने होते. १९३५ मध्ये आपल्याच नाशिक जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली, तीही बाळूंना पटली नाही. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसतर्फे ते थेट बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे २००० मतांनी हरले. दोघांचं दुःख एक होतं, वाटा वेगळ्या होत्या. मोठ्या माणसांमध्ये असं होतं. म्हणून एकाला मोठं करताना दुसऱ्याला लहान करायची गरज नसते.

४ जुलै १९५५ रोजी बाळूंचं मुंबईत निधन झालं.

यातून आपण काय शिकायचं?

मुलांनो, १९०६ साली लोकांनी बाळूंसाठी टाळ्या वाजवल्या. पण त्यानंतर २४ वर्षांनी, १९३० मध्ये, आपल्या नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला. म्हणजे एका विजयाने समाज बदलत नाही. टाळी वाजवणं सोपं असतं. टाळी वाजवून झाल्यावर त्या माणसाला आपल्या शेजारी बसवणं, त्याचा हक्काचा मान त्याला देणं अवघड असतं.

येत्या रविवारी तुम्ही मैदानावर जाल. संघ निवडाल. कोणाला तरी फक्त चेंडू आणायला ठेवाल, कोणाला फक्त गोलंदाजी द्याल आणि बॅटिंगची पाळी आली की खेळ संपला म्हणून सांगाल. तेव्हा पूना क्लबातला तो मुलगा आठवा. त्याला बॅट द्या. मधल्या सुट्टीत पाण्याची बाटली सगळ्यांत फिरू द्या. कर्णधार निवडताना कोण कोणाचा मित्र, कोण कुठल्या वस्तीतला, हे बघू नका. खेळ कोणाला जास्त कळतो, एवढंच बघा.

विचार करा आणि वहीत लिहा

१. बाळूंना पूना क्लबात गोलंदाजी मिळाली, पण फलंदाजी का मिळाली नाही?
२. १९०६ च्या सामन्याकडे लोक नुसता खेळ म्हणून का पाहत नव्हते? दोन कारणं लिहा.
३. शिवराम आणि विठ्ठल यांनी १९२० मध्ये खेळायला नकार दिला. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?
४. तुमच्या वर्गात किंवा गल्लीत कोणाला नेहमी बाहेर बसावं लागतं का? त्यासाठी तुम्ही काय कराल, ते पाच ओळींत लिहा.