लोकमान्यांचा पासपोर्ट : आधी रद्द, मग कोर्टाच्या तारखेसाठी मंजूर

बांधावरच्या भांडणातून मारामारीचा गुन्हा दाखल झालेला, खटला जुन्नर किंवा घोडेगावच्या न्यायालयात वर्षानुवर्षे सुरू, आणि तेवढ्यात पासपोर्टची मुदत संपते. मुलीच्या बाळंतपणासाठी परदेशी जायचे असते. नूतनीकरणाचा अर्ज भरला की पोलीस पडताळणीत खटल्याची नोंद निघते आणि काम अडते. मग वकील सांगतात, आधी न्यायालयाची परवानगी आणा.

पासपोर्ट आणि न्यायालय यांची अशी गाठ पुण्यात शंभर वर्षांपूर्वीही पडली होती. तेव्हा अर्जदार होते लोकमान्य टिळक.

आधी तुरुंग, मग पुस्तक

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये राजद्रोहाचे खटले झाले. दुसऱ्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांना मंडालेला पाठवण्यात आले. ते तुरुंगात असतानाच, १९१० मध्ये, लंडनच्या टाइम्सचे पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांचे ‘इंडियन अनरेस्ट’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरवणारे ते हेच पुस्तक. आज ही उपाधी आपण अभिमानाने लावतो, पण पुस्तकात त्यांचा संबंध थेट राजकीय खुनांशी जोडला होता. १९१४ मध्ये सुटल्यावर टिळकांनी चिरोल आणि प्रकाशकांवर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला.

कोलंबोहून परत

मार्च १९१८ मध्ये टिळक होमरूलचे शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला निघाले. दादासाहेब खापर्डे, न. चिं. केळकर अशी मंडळी सोबत होती. पासपोर्ट हातात होते. कोलंबोला पोहोचल्यावर कळले, की लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने ते रद्द केले आहेत. महायुद्ध सुरू होते. दाद मागण्याची सोय नव्हती. सगळे मुकाट परत आले.

त्याच वर्षी त्याच टिळकांना पासपोर्ट मिळाला, तो मात्र दाव्यामुळे. स्वराज्याची मागणी मांडायला जाणाऱ्या पुढाऱ्याला सरकारने अडवले होते. ब्रिटिश न्यायालयात स्वतः दावा लावणाऱ्या वादीला अडवणे अवघड होते. अट एकच, राजकीय चळवळ करायची नाही. टिळकांनी ती मान्य केली आणि सप्टेंबरमध्ये मुंबई सोडली. त्या वर्षीच्या दिल्ली काँग्रेसच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली होती. त्यावर पाणी सोडावे लागले आणि अध्यक्षस्थानी मदनमोहन मालवीय बसले. युद्ध संपल्यावर बोलण्यावरची बंदी उठली.

खटला जानेवारी १९१९ च्या अखेरीस उभा राहिला. टिळकांतर्फे सर जॉन सायमन, चिरोलतर्फे सर एडवर्ड कार्सन. २१ फेब्रुवारीला ज्युरीने चिरोलच्या बाजूने कौल दिला. खर्च सुमारे तीन लाख रुपये. तो भागवायला देशात लोकवर्गणी उभी राहिली.

त्यानंतर पॅरिसच्या शांतता परिषदेला जायचे होते. काँग्रेसने प्रतिनिधी म्हणून निवडले होते, पण तिथला पासपोर्ट नाकारला गेला. मग टिळकांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांना लंडनहूनच निवेदन पाठवले. नोव्हेंबर १९१९ मध्ये ते मायदेशी परतले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात त्यांचे निधन झाले.

आज नियम काय?

टिळकांचा दावा दिवाणी होता आणि ते आरोपी नव्हते. आजची अडचण फौजदारी खटल्याची आहे. पासपोर्ट कायदा, १९६७ च्या कलम ६(२)(च) नुसार भारतातील फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने वाट ठेवली आहे. जिथे खटला सुरू आहे त्या न्यायालयाने परदेशी जाण्याची परवानगी दिली, तर पासपोर्ट मिळतो. बोलावले की न्यायालयात हजर राहीन, असे हमीपत्र द्यावे लागते.

वकिलाला इथेच एक गोष्ट आवर्जून सांगावी. आदेशात पासपोर्ट किती वर्षांसाठी द्यायचा ते लिहून घ्यावे. ना पासपोर्टची मुदत लिहिली, ना प्रवासाची, तर पासपोर्ट फक्त एका वर्षाचा मिळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच खेटा.

नुसता गुन्हा नोंदला गेला आणि तपास सुरू आहे, एवढ्यावरून खटला प्रलंबित मानला जात नाही. न्यायालयाने प्रकरणाची दखल घ्यावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ मध्ये हे कार्यालयांना कळवले आहे. तरीही अर्जात खटला लपवू नये. खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. नकार मिळालाच तर कारण लेखी मागता येते आणि अपीलही करता येते. टिळकांना कोलंबोत यातले काहीच नव्हते.

आणि नवा पासपोर्ट हाती आला म्हणून लगेच तिकीट काढू नये. जामिनाच्या आदेशात देश न सोडण्याची अट असेल, तर प्रत्येक प्रवासाआधी त्या न्यायालयाची वेगळी परवानगी लागते.