श्वासाचा पहारेकरी : डॉ. एडवर्ड लॉरी

हैदराबादेत मुसी नदीच्या काठी उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी आहे. त्याच परिसरात पूर्वी अफझलगंज रुग्णालय होते. १९०८ सालच्या महापुरात ते नष्ट झाले. पण त्याआधी सुमारे वीस वर्षे, शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेला रुग्ण मेजावरच का दगावतो, या प्रश्नाचा जगभर गाजलेला शोध याच शहरात घेतला गेला होता. त्या शोधामागचा माणूस म्हणजे निजामाच्या राजधानीतील रेसिडेन्सी सर्जन डॉ. एडवर्ड लॉरी.

लॉरी यांचा जन्म १८४६ सालचा. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी एडिंबरो येथे घेतले. याच शहरात जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला होता. शस्त्रक्रियेच्या यातनांतून माणसाची सुटका झाली, असे जगाला वाटले. परंतु पुढच्याच वर्षी, जानेवारी १८४८ मध्ये, न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढताना क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. आजार किरकोळ, रुग्ण तरुण आणि मृत्यू अवघ्या काही क्षणांत. त्यानंतर अशा मृत्यूंची नोंद वाढतच गेली. जॉन स्नो यांनी असे पन्नास मृत्यू तपासून, क्लोरोफॉर्मची दाट वाफ हृदयालाच थांबवते असे मत मांडले. उलट एडिंबरोचे ख्यातनाम शल्यवैद्य जेम्स साइम यांची शिकवण वेगळी होती. क्लोरोफॉर्म भरपूर हवेबरोबर द्यावा, नाडी धरून बसू नये, लक्ष केवळ श्वासावर ठेवावे, असे ते सांगत. लॉरी हे साइम यांचे शिष्य. गुरूची ही शिकवण त्यांनी आयुष्यभर व्रतासारखी पाळली.

इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल होऊन लाहोर व कलकत्ता येथे काम केल्यावर १८८५ साली लॉरी हैदराबादला आले. पणजीत वैद्यकीय विद्यालय १८४२ मध्ये सुरू झाले, त्यानंतर चारच वर्षांनी हैदराबादेतही वैद्यकीय शाळा निघाली होती. तेथील शिक्षण उर्दूतून चाले. शाळेची सूत्रे हाती आल्यावर लॉरी यांनी ते इंग्रजीतून सुरू केले आणि मुलींनाही प्रवेश दिला. त्यांतील रूपाबाई फर्दुनजी यांनी पुढे हैदराबादच्या रुग्णालयांत भूल देण्याचे काम केले. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत आज त्यांची गणना होते.

त्या काळी भूल देणे हे दुय्यम काम मानले जाई. समोर असेल त्या मदतनिसाच्या हाती क्लोरोफॉर्मची बाटली दिली जाई आणि त्याचे अर्धे लक्ष शस्त्रक्रिया पाहण्यातच गुंतलेले असे. लॉरी यांनी ही वृत्तीच बदलली. भूल देणाऱ्याने शस्त्रक्रियेकडे पाहायचेच नाही. रुग्णाचा श्वास एवढेच त्याचे काम. रुग्ण आडवा असावा, गळ्याभोवतीचे व छातीवरचे कपडे सैल असावेत, आत कापूस घातलेल्या उघड्या टोपीतून हवेसह औषध द्यावे. श्वास अडखळला तर खालचा जबडा पुढे ओढावा. रुग्णाने श्वास रोखून धरला तर टोपी तत्काळ दूर करावी. बुबुळाला स्पर्श करूनही पापणी हलली नाही, की औषध थांबवावे. नियम साधे होते. पण रुग्णाच्या जिवाची जबाबदारी एका ठरावीक माणसावर ठेवण्याची शिस्त त्यांतून निर्माण झाली.

आपल्या अनुभवाला प्रयोगांचा आधार मिळावा म्हणून लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये पहिले हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन नेमले गेले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने खर्च उचलला. शंभराहून अधिक कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि श्वास नेहमी हृदयाच्या आधी थांबतो, असा निष्कर्ष निघाला. लंडनच्या ‘द लॅन्सेट’ने त्यावर शंका घेतली. तेव्हा निजामाने एक हजार पौंड देऊन, तुमचाच माणूस पाठवा व खात्री करून घ्या, असे आवाहन त्या नियतकालिकाला केले. औषधशास्त्रज्ञ टी. लॉडर ब्रंटन १८८९ च्या उत्तरार्धात हैदराबादला पोहोचले. लॉरी, ब्रंटन, जेराल्ड बॉमफर्ड आणि हैदराबादचेच डॉ. रुस्तमजी हकीम यांच्या दुसऱ्या कमिशनने चारशेहून अधिक प्राण्यांवर प्रयोग केले. मनात संशय घेऊन आलेले ब्रंटनही लॉरींच्या बाजूचे झाले. १८९० मध्ये अहवाल छापून आला आणि हैदराबादचे नाव जगभरच्या वैद्यकीय वर्तुळात पोहोचले.

पण वाद मिटला नाही. केंब्रिजच्या गॅस्केल व शोअर यांनी १८९३ मध्ये आपल्या प्रयोगांवरून क्लोरोफॉर्मचा हृदयावर थेट परिणाम होतो असे सांगितले. अखेर १९११ मध्ये ए. गुडमन लेव्ही यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की भूल पुरेशी गाढ नसताना हृदयाची कप्पी अचानक थरथरू लागते आणि रक्ताभिसरण क्षणात बंद पडते. हैदराबादच्या प्रयोगांत बहुतांशी औषधाची मात्रा वाढवत नेलेली होती. त्यामुळे तेथे श्वास आधी थांबताना दिसला आणि हलक्या भुलीतील हा मृत्यू नजरेतून सुटला. हॅनासारख्या किरकोळ आजाराच्या रुग्णांच्या आकस्मिक मृत्यूंचा उलगडा होण्याचा मार्ग त्यातून खुला झाला.

लॉरी यांच्या चुकीची दुसरी बाजू अधिक विचार करायला लावते. योग्य रीतीने दिला तर क्लोरोफॉर्म निर्धोक आहे, असे एकदा मानले की प्रत्येक मृत्यूचा दोष भूल देणाऱ्या माणसावरच जातो. अन्य ठिकाणच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, की तेथील पद्धत चुकली असणार, असाच निवाडा लॉरी देत. माणसाला दोषी ठरवले, की औषधाची चौकशी तिथेच संपते. हजारो रुग्णांना सुखरूप भूल दिल्याच्या अनुभवाने त्यांना जो आत्मविश्वास दिला, त्यानेच विरोधी पुराव्याकडे त्यांना पाहू दिले नाही.

१९०१ मध्ये निवृत्त होऊन ते मायदेशी परतले आणि १९१५ साली त्यांचे निधन झाले. क्लोरोफॉर्मही कालांतराने शस्त्रक्रियागृहातून हद्दपार झाला. तरीही लॉरी सर्वस्वी हरले असे म्हणता येत नाही. आजही कुठल्याही रुग्णालयाच्या अपघात विभागात बेशुद्ध रुग्ण आला, की आधी त्याचा श्वासमार्ग मोकळा आहे ना हे पाहिले जाते, आणि जबडा पुढे ओढण्याची ती युक्ती अजून वापरात आहे. रुग्णाच्या श्वासावरून नजर हटू न देण्याचा त्यांचा धडा टिकला. दुसरा धडा त्यांच्या आयुष्याने, त्यांना नको असताना, दिला : मृत्यू घडल्यावर कोण चुकले हे विचारून थांबू नये, काय चुकले हेही विचारावे. हैदराबादच्या त्या जुन्या रुग्णालयाच्या भिंती पुरात गेल्या. हे दोन्ही धडे मात्र रुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकासाठी मागे उरले आहेत.